पैदाशीच्या कोंबड्यांसाठी हंगामी खुराडे : दसऱ्यास उभारावे, होळीस मोडावे

बुलढाणा तालुक्यातील धाड हे गाव जिल्ह्याच्या घाटावरील भागात, बुलढाण्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या वाटेवर, जालना जिल्ह्याच्या सीमेलगत वसले आहे. या भागातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून. खरिपात सोयाबीन, कपाशी, तूर व मका आणि ओल टिकली किंवा विहिरीस पाणी असले तर रब्बीत हरभरा व गहू, असा येथील पीकक्रम. एक पाऊस चुकला की शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब चुकतो. अशा ठिकाणी घरातील स्त्रीच्या हाती वर्षभर थोडाथोडा पैसा खेळता ठेवणारी जी थोडी साधने आहेत, त्यांत परसातील कोंबड्यांचे स्थान वरचे आहे. मुलाची वही, दवाखान्याचा खर्च, अडीनडीचे मीठमिरची, या गोष्टी कित्येक घरांत कोंबडीच्या पैशातूनच भागतात.

असे असूनही हा जोडधंदा वाढवावयाचे मनात आले म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो शेडचा. शेड केवढी बांधावी, पत्रे किती लागतील, कर्ज कोठे मिळेल, ही चौकशी आधी होते. कोंबड्या कोणत्या ठेवावयाच्या, त्यांचा नर कोठून आणावयाचा, अंडी केव्हा बसवावयाची, हे प्रश्न मागाहून येतात किंवा येतच नाहीत. हा क्रम उलटा आहे. दहावीस कोंबड्यांवर पैदास करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास विटांच्या भिंतींची व लोखंडी कैच्यांची गरज नाही. त्याला गरज आहे ती पाच महिने टिकेल अशा, शेतातल्याच काडीकचऱ्याच्या, हंगाम संपताच मोडून टाकावयाच्या खुराड्याची. ते मोडून टाकता येते हा त्याचा दोष नसून तोच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

निवडीविना पैदास

सन २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी १८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते. २०१२ च्या मानाने परसातील पक्ष्यांत सुमारे ४६ टक्के वाढ झाली. म्हणजे मोठ्या व्यापारी कुक्कुटशाळांच्या या काळातही परसातील कोंबडी मागे पडलेली नाही. गावरान कोंबडीस व अंड्यास बाजारात चांगला भाव मिळत असल्याने ती वाढतच आहे.

तथापि संख्या वाढली म्हणजे वाण सुधारला असे नव्हे. आठवडी बाजारात वजनदार, तजेलदार कोंबडीस गिऱ्हाईक लवकर मिळते, म्हणून ती आधी विकली जाते. पाहुणा आला की कळपातील धष्टपुष्ट कोंबडा कापला जातो. मागे राहते ते किडमिडे, उशिरा वाढणारे, कमी अंडी देणारे पक्षी. पुढील पिढी त्यांच्यापासूनच निघते. शेतकरी बियाण्यासाठी जोंधळ्याचे सर्वांत भरलेले कणीस बाजूला काढून ठेवतो, परंतु कोंबड्यांच्या बाबतीत नेमके उलट करतो. बियाणे खाऊन टाकावे आणि पाखड पेरावे, तसा हा प्रकार आहे. त्यातच आळीतील एकच कोंबडा वर्षानुवर्षे आपल्याच लेकी-नातींवर फिरत राहतो. नात्यातल्या पैदाशीने अंडी फळण्याचे प्रमाण घटते आणि पिल्ले अशक्त निपजतात.

हे थांबवावयाचे तर पैदाशीचे निवडक पक्षी इतर कळपापासून वेगळे ठेवावयास हवेत. वेगळे ठेवावयाचे म्हणजे त्यांना वेगळा निवारा हवा. खुराड्याचा प्रश्न उद्भवतो तो येथे. तो केवळ ऊनपावसापासून रक्षण करण्याचा प्रश्न नाही, निवड टिकवण्याचा प्रश्न आहे.

हंगामी का?

पैदास वर्षभर करता येते हे खरे, परंतु वर्षभर ती सारखीच फळत नाही. अंड्यातील गर्भाची वाढ साधारणपणे २० ते २१ अंश सेल्सिअस तापमानाच्या वर हळूहळू सुरू होते. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी घालून ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढतो व कोंबडीखाली बसवण्यापूर्वीच मरतो. शेतकऱ्यास वाटते, अंडी 'गार' निघाली, कोंबडा निकामी आहे. वास्तविक दोष उष्णतेचा असतो. पावसाळ्यात गादी ओली राहते, परसात चिखल होतो व नुकत्याच निघालेल्या पिल्लांना रोग लवकर गाठतो. म्हणून अंडी बसवण्यास योग्य काळ म्हणजे पावसाळा ओसरल्यापासून उन्हाळा तापू लागेपर्यंतचा, अर्थात दसऱ्यापासून होळीपर्यंतचा होय. घाटाखाली, मलकापूर-नांदुरा भागात ऊन अधिक कडक असल्याने तेथे हा हंगाम घाटावरच्यापेक्षा थोडा आधी आटोपता घ्यावा.

या हंगामाचा बाजाराशीही चांगला मेळ बसतो. कार्तिक-मार्गशीर्षात निघालेली पिल्ले उन्हाळ्यापूर्वी अंगाने सावरतात. आषाढ येईपर्यंत ती सहा-सात महिन्यांची होतात. श्रावण लागण्यापूर्वी, आखाडात, गावरान कोंबड्याला मागणी असते हे सर्वांस ठाऊक आहे. नर त्या वेळी विकता येतात आणि तलंगा त्याच सुमारास अंड्यावर येतात.

दुसरे कारण याहूनही महत्त्वाचे आहे. कोंबड्यांना लागणारी गोचीड दिवसा भिंतींच्या भेगांत, लाकडाच्या सांध्यांत, पत्र्याखालच्या फटींत लपून राहते व रात्री बाहेर पडून निजलेल्या कोंबड्यांचे रक्त पिते. म्हणून दिवसा पाहणी करणाऱ्यास ती दिसत नाही. कोंबड्या मात्र फिकट पडतात, अंडी कमी देतात, आणि गोचिडीमुळे पसरणाऱ्या तापाने मरतात. ही गोचीड काही न खातापिता महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ जिवंत राहू शकते. खुराडे दोन-चार महिने रिकामे ठेवल्याने ती मरत नाही. माती-विटांच्या जुन्या खुराड्यात एकदा तिने घर केले की फवारण्या करूनही ती पुरती निघत नाही. परंतु जे खुराडेच होळीला मोडले, ज्याच्या काड्या चुलीत गेल्या आणि ज्याची गादी उकिरड्यात कुजली, तेथे गोचिडीस लपावयास जागा कोठून मिळणार? पुढील वर्षी नवे खुराडे चार हात बाजूस उभारले म्हणजे जमिनीतील जंतांची अंडी व रोगजंतू यांचाही जोर मोडतो.

खुराड्याची उभारणी

एक नर व दहा माद्या हा पैदाशीचा एक सुटसुटीत संच होय. त्यासाठी आठ फूट लांब व पाच फूट रुंद जागा पुरते. जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी असावी. जमीन पाऊण फूट उंच करून त्यावर मुरूम टाकून ठोकून घ्यावा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी व तोंड दक्षिणेस ठेवावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दिवसभर ऊन आत येते व गादी कोरडी राहते. उत्तरेकडील भिंत बंद असल्याने थंड वाऱ्यास अटकाव होतो.

पुढील बाजूस सात फुटांचे तीन व मागील बाजूस सहा फुटांचे तीन असे सहा डांब घ्यावेत. ते बाभळीचे, सुबाभळीचे किंवा बांबूचे चालतील. प्रत्येक डांब दीड फूट जमिनीत पुरावा, म्हणजे पुढे साडेपाच व मागे साडेचार फूट उंची राहून छपरास मागे उतार मिळेल. पुरावयाचे टोक विस्तवावर भाजून काळे करून घेतले असता वाळवी लवकर लागत नाही.

भिंतींसाठी तुराट्यांसारखी दुसरी वस्तू नाही. मात्र तुरीची काढणी पौष-माघात होते आणि खुराडे उभारावयाचे ते आश्विनात. म्हणून काढणीनंतर सरळ व जाड तुराट्यांच्या चार-सहा पेंढ्या सरपणात न घालता छपराखाली कोरड्या जागी राखून ठेवाव्यात. पुढच्या दसऱ्याची तयारी अशी पौषातच होते. तुराट्या उभ्या, एकमेकींस चिकटून लावून त्यांना बांबूच्या आडव्या कांबींनी व सुतळीने आवळावे. उत्तर व पश्चिम बाजूंस बाहेरून माती, शेण व भुसा यांचा गिलावा द्यावा.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. तुराट्या नाहीत म्हणून कित्येक जण पऱ्हाट्या वापरावयास निघतील. ते करू नये. पऱ्हाटीस चिकटून राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढील हंगामात कपाशीवर उतरते. सन २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कपाशीचे केलेले नुकसान शेतकरी विसरलेले नाहीत. कोंबडीचे घर उभारताना शेजारच्या कपाशीस शत्रू पाळून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. तुराट्या कमी पडल्यास बांबूचे तट्टे किंवा बोरूच्या काड्या घ्याव्यात.

छपरासाठी बांबूच्या वाशांवर तुराट्यांचा थर, त्यावर खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, स्वच्छ धुऊन, एकमेकींस शिवून अंथराव्यात, आणि वर कुसळी गवत किंवा पाचट घालावे. कडबा हा गुरांचा घास आहे, तो छपरात घालू नये. परतीचा पाऊस दसऱ्याच्या सुमारास येतोच. शिवाय फाल्गुनात वादळी पावसाचे व गारपिटीचे भय असते. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ व मराठवाड्यात झालेल्या गारपिटीत रब्बी पिके भुईसपाट झाली. म्हणून छप्पर दोरीने डांबांशी घट्ट बांधावे, वर आडवी लाकडे टाकावीत व पुढे-मागे फूट-दीड फूट वळचण सोडावी.

बाजारातून विकत आणावयाची मुख्य वस्तू एकच, ती म्हणजे जाळी. मुंगूस, रानमांजर, कुत्रे, उंदीर व साप हे कोंबड्यांचे वैरी तुराटीच्या भिंतीस जुमानत नाहीत. अर्धा इंची छिद्राची, तीन फूट रुंदीची सुमारे ३५ फूट जाळी आणावी. तिचे आठ-आठ फुटांचे दोन पट्टे एकावर एक लावले म्हणजे दक्षिणेचे तोंड बंद होते. उरलेला पट्टा तिन्ही भिंतींच्या खालच्या भागास फिरवावा. सर्व बाजूंस जाळीचा अर्धा फूट भाग जमिनीत पुरावा, नाहीतर मुंगूस खालून उकरून आत शिरते. बाहेरून बोरी-बाभळीच्या काट्यांची वई घालावी. दारास बाहेरून कोयंडा असावा. होळीला ही जाळी, दाराची चौकट व कोयंडा काढून, झाडून, उन्हात तापवून ठेवल्यास पुढील कित्येक वर्षे उपयोगी पडतात. म्हणजे पहिल्या वर्षी जो खर्च होतो, तो दुसऱ्या वर्षी सुतळीपुरता उरतो.

आतील मांडणी

जमिनीवर चार इंच जाडीची कोरडी गादी घालावी. सोयाबीनचे बारीक कुटार, गव्हाचा भुसा, भुईमुगाची टरफले यांपैकी जे घरी असेल ते चालेल. ती रोज खालीवर करावी व ओला झालेला भाग काढून टाकावा. मागील भिंतीलगत दीड-दोन फूट उंचीवर दोन इंच जाडीची, गुळगुळीत, आठ फूट लांबीची एक आडवी काठी बसवावी. प्रत्येक पक्ष्यास आठ इंच जागा धरली तरी अकरा पक्षी तिच्यावर सुखाने बसतात.

अंडी घालण्यासाठी काळोख्या कोपऱ्यात तीन जागा कराव्यात. फळांच्या रिकाम्या लाकडी पेट्या, तेलाचा कापलेला डबा किंवा जुनी टोपली, काहीही पुरते. आत मऊ भुसा घालावा. एका घमेल्यात चुलीची राख व बारीक माती मिसळून ठेवावी. कोंबड्या तिच्यात लोळतात व त्यांच्या अंगावरील उवा कमी होतात. थंडीच्या रात्री पुढील जाळीवर गोणपाट सोडावे, परंतु वरचा वीतभर भाग उघडाच ठेवावा. थंडीच्या भीतीने खुराडे गच्च बंद केले तर विष्ठेचा उग्र वायू आत कोंडतो व कोंबड्यांचे डोळे-नाक बिघडतात. कोंबडीस थंडीपेक्षा कोंदट व ओलसर हवा अधिक बाधते.

हे खुराडे परसात असावे हे उत्तम, कारण कोंबड्यांची निगा बहुधा घरातील स्त्रियाच घेतात. परंतु गावठाणात जागा नसेल, किंवा शेजारचे कोंबडे सारखे आत येऊ पाहत असतील, तर ते शेतातील झोपडीजवळ उभारावे. रब्बीच्या दिवसांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी माणूस रात्री जागलीस जातोच. त्याच्या नजरेखाली खुराडेही राहील. संचातील कोंबड्या बाहेर मोकळ्या सोडावयाच्या असतील तर दुसरा कोंबडा त्यांच्यात मिसळणार नाही एवढे कुंपण पाहिजे. नाहीतर निवडीचा सारा खटाटोप वाया जातो.

पक्ष्यांची निवड व अंड्यांची जपणूक

खुराडे कितीही चांगले उभारले तरी त्यात कोणते पक्षी ठेवले यावर सर्व काही अवलंबून असते. मादी डोळ्यांनी पाणीदार, तुऱ्याने लाल, पायांनी सरळ असावी. तिच्या ओटीपोटाकडील दोन हाडांत दोन ते तीन बोटे सहज मावावीत. जी अधिक अंडी देते तिच्या पायात रंगीत दोरा बांधून ठेवण्याची सवय लावावी, म्हणजे विक्रीच्या वेळी चुकून ती हातची जाणार नाही. नर वर्षभराचा, चपळ, न लंगडणारा आणि दुसऱ्या गावचा असावा.

नवा नर सोडण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या नराचे बीज मादीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते. म्हणून माद्या वेगळ्या केल्यानंतर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खाण्यास किंवा विकण्यास वापरावीत व त्यानंतरचीच बसवावीत. दसऱ्यास खुराडे उभारले तर दिवाळीच्या सुमारास बसवण्याजोगी अंडी मिळू लागतात, ती यामुळेच.

वनराज व गिरिराज हे परसातील पालनासाठी प्रसिद्ध असलेले पक्षी आहेत. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने व गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केला. अंडी व मांस यांसाठी ते अवश्य पाळावेत. परंतु ते संकरित असल्याने त्यांच्या पिल्लांत आईबापांचे गुण सारखे उतरत नाहीत. त्यांच्या अंड्यांवर पैदास चालवणे म्हणजे संकरित कपाशीची सरकी राखून पेरण्यासारखेच आहे. पैदाशीच्या संचासाठी आपल्या भागातील निवडक गावरान पक्षी किंवा शुद्ध जातीचे पक्षी घ्यावेत. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील कडकनाथास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील शेतकऱ्यांनी आपला वाण राखला नसता तर हे मानांकन कशास मिळाले असते? वऱ्हाडातील गावरान कोंबडीही राखण्याच्या मोलाची आहे.

अंडी दिवसातून तीन वेळा गोळा करावीत. ती धुऊ नयेत. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या पसरट भांड्यात, रुंद टोक वर करून, गार जागी ठेवावीत व सात दिवसांच्या आत बसवावीत. एका खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. सातव्या दिवशी विजेरीच्या उजेडात पाहून वांझ अंडी काढून टाकावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. पौषात दिवस लहान असल्याने अंडी कमी होतात. घरी वीज असेल तर पहाटे दोन तास लहान दिवा लावल्यास फरक पडतो.

आक्षेप आणि उत्तर

असे खुराडे दरवर्षी कोण उभारीत बसेल, असा आक्षेप घेतला जाईल. तथापि ज्या घरी दरवर्षी गोठ्यापुढे मांडव घातला जातो, तेथे आठ फुटांचे खुराडे हे दोन माणसांचे दीड-दोन दिवसांचे काम आहे. दुसरा आक्षेप असा की पक्की शेड एकदा बांधली की चिंता मिटते. हजार पक्ष्यांचा धंदा करणाऱ्याच्या बाबतीत हे खरे आहे. २०२१-२२ मध्ये सुधारित स्वरूपात आलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानाने ग्रामीण कुक्कुटपालनासाठी एक हजार मातृपक्ष्यांचा संच, उबवणी यंत्र व पिल्लांचे संगोपन अशा प्रकल्पास भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले. ती योजना तिच्या जागी योग्य आहे. परंतु दहा कोंबड्यांच्या धनिणीने तिच्याकडे पाहून आपलेही घर तसेच असावे असे मानणे म्हणजे दोन एकरांच्या शेतकऱ्याने कापणी-मळणीचे मोठे यंत्र विकत घेणे होय. कर्ज काढून बांधलेल्या शेडमध्ये कोंबड्या मेल्या तर शेड व कर्ज दोन्ही मागे राहतात. तुराट्यांचे खुराडे रिकामे पडले तर निदान चूल पेटते.

हिशेब मांडून पाहावा. समजा, दहा माद्यांनी हंगामात दोन खेपा प्रत्येकी बारा अंडी दिली. एकूण अंडी २४० झाली. दहात सात फळली असे धरल्यास पिल्ले १६८ निघतील. त्यांपैकी निम्मी मेली तर ८४ उरतील, आणि चारांत तीन जगली तर १२६. हा ४२ पक्ष्यांचा फरक कशाने पडतो? विटांनी नव्हे. तो पहिल्या महिन्यातील ऊब, स्वच्छ पाणी आणि वेळेवर टोचलेली लस यांनी पडतो. शेडसाठी जमवलेल्या पैशातील थोडा अंश जरी या गोष्टींवर खर्च केला तरी फायदा हाती लागेल.

कार्यकर्त्यांचे काम

या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्यांची जबाबदारी मोठी आहे, कारण काही गोष्टी एकट्या घरास साधणाऱ्या नाहीत. मानमोडी अर्थात राणीखेत हा रोग एका रात्रीत परस ओस पाडतो. त्यावरील लसोटा लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात देतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा देतात व दोन महिन्यांच्या वयास आर-२-बी लस टोचतात. परंतु लसीची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते व एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराने ती आणावी कशी? यास्तव कार्यकर्त्यांनी आळीतील दहा-पंधरा घरांची यादी करावी, पशुवैद्यकीय दवाखान्याशी दिवस ठरवावा आणि सायंकाळी, कोंबड्या खुराड्यात परतल्यावर, सर्वांची लस एकदम टोचून घ्यावी.

दुसरे काम नरांच्या अदलाबदलीचे. धाडच्या निवडक नराने शेजारच्या गावी जावे व तेथील नराने धाडला यावे. यास पैसा लागत नाही, मध्यस्थ लागतो. तिसरे काम प्रात्यक्षिकाचे. दसऱ्यापूर्वी गावातील एखाद्या सोयीच्या परसात एक खुराडे सर्वांसमक्ष उभारून दाखवावे, आणि त्या वेळी घरातील स्त्रियांना आवर्जून बोलवावे. खुराड्याविषयी पुरुषांची सभा भरवायची व कोंबड्या मात्र स्त्रियांनी सांभाळायच्या, या रीतीने कोणताही सल्ला परसापर्यंत पोहोचत नाही.

रोगाच्या बाबतीत कोणतीही लपवाछपवी होऊ देऊ नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच बर्ड फ्लू आढळला आणि पुढील महिन्यात बुलढाण्याच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातही तो पोहोचला. तेथील परसांतील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. पक्षी अचानक मरू लागले तर उरलेले घाईने बाजारात नेण्याचा मोह होतो. त्या मोहाने रोग दहा गावांत जातो. मेलेले पक्षी उघड्यावर न टाकता दवाखान्यास तत्काळ कळवावे.

होळी आली की खुराडे मोडावे. निवडक माद्या नेहमीच्या कळपात जाव्यात, वाढती पिल्ले परसात फिरावीत. गादी उकिरड्यात कुजवून शेतास द्यावी. जाळी गुंडाळून आढ्यास टांगावी आणि काड्या चुलीत घालाव्यात. पौषात राखलेल्या तुरीच्या काडीने पाच महिने घर दिले, शेवटी भाकरीही भाजली आणि मागे देणेकरी ठेवला नाही. लहान शेतकऱ्याच्या ऐपतीस शोभणारी पैदास अशी असते. यंदाच्या काढणीत चार पेंढ्या बाजूस काढून ठेवल्या तर तिचा आरंभ झालाच म्हणून समजावे.